ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही

वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये १:१५-२६, १ करिंथ ३:१-९ व २१-२३



प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात एक निवडणूक आहे. पेंटेकॉस्टचा सण जवळ आला की आपण दुसरा अध्याय आवडीने वाचतो, आणि ही निवडणूक घाईघाईने ओलांडून जातो. यहूदा इस्कर्योत याची जागा रिकामी झाली होती. सुमारे १२० जण जमले होते. पेत्राने उभे राहून पात्रता सांगितली : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जे आपल्याबरोबर होते, त्यांच्यापैकीच एक असावा. या कसोटीला उतरलेली दोन नावे पुढे आली. एक योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत आणि ज्याचे युस्त असेही नाव होते, दुसरा मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली.

आता आपण त्या योसेफाकडे जरा पाहू. लूक त्याचे नाव आधी घेतो. त्याला तीन नावे आहेत, त्यावरून तो लोकांच्या चांगल्या परिचयाचा असावा असे आम्हांस वाटते. मत्थियाने जेवढी वाट तुडवली तेवढीच त्यानेही तुडवली होती. पात्रतेत तो तसूभरही कमी नव्हता. तरी चिठ्ठी त्याची निघाली नाही. मग पुढे काय झाले? तो रागाने उठून गेला काय? त्याच्या बाजूच्या माणसांनी दुसऱ्या घरी वेगळी बैठक भरविली काय? चिठ्ठ्या पुन्हा टाका, असे कोणी म्हणाले काय? शास्त्रात यांपैकी एक अक्षरही नाही. मंडळीच्या इतिहासात पुढे अनेक पक्ष झाले, पण ‘बर्सबाचा पक्ष’ असा एकही झाला नाही. त्या माणसाचे हे मौन आज आपणांस काय शिकविते, याचा आपण विचार करू या.

घरातली निवडणूक

हा विचार करताना आम्ही वाचकांना जरा दूरच्या देशी नेत आहोत. अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते हे आपण सर्व जाणतो. परंतु तिच्या आधी आणखी एक निवडणूक होते, तिला तेथे प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाचे अनेक इच्छुक उभे राहतात, आणि त्यांपैकी पक्षाचा उमेदवार कोण व्हावा हे त्या पक्षाला मानणारे लोक राज्याराज्यांतून मते देऊन ठरवितात. वर्षाच्या आरंभी सुरू झालेली ही चढाओढ जूनपर्यंत चालते. जो जितकी मते मिळवील त्या मानाने त्याच्या बाजूचे प्रतिनिधी निवडले जातात, आणि उन्हाळ्यात भरणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात हे प्रतिनिधी उमेदवाराचे नाव पक्के करतात.

पूर्वी हा निर्णय बहुतांशी पक्षाचे वजनदार पुढारी आपसांत करीत. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री हे एकही प्रायमरी न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्या वेळी शिकागोच्या अधिवेशनात आत आरडाओरडा आणि बाहेर रस्त्यांवर पोलीस व निदर्शक यांच्या मारामाऱ्या, असे दृश्य जगाने पाहिले. त्यानंतर नियम बदलले, आणि १९७२ पासून सामान्य मतदाराच्या मतालाच निर्णायक वजन आले.

या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याच देशाचे. त्यांच्या पाठोपाठ वाढलेल्या अमेरिकन मराठी मिशनने सुवार्तेबरोबर एक रीतही आणली : सभासदांनी एकत्र बसावे, प्रार्थना करावी, आणि आपले कारभारी आपण मत देऊन निवडावे. पंच, सेक्रेटरी, खजिनदार निवडण्याची जी वहिवाट आज आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे, तिचे एक मूळ तेथे आहे. दुसरा संबंध याहून जवळचा. प्रायमरीतील भांडण हे शत्रूशी नसते. एकच पक्ष, एकच झेंडा, बहुतेक गोष्टींत एकच मत, आणि तरीही भांडण. मंडळीतील भांडण अगदी याच जातीचे असते. एकाच प्रभूला मानणारे, एकाच मेजाशी भाकर मोडणारे लोक तेथे समोरासमोर उभे ठाकतात. परक्याशी झालेली लढाई निकालाबरोबर बहुधा संपते. घरातली लढाई पुष्कळदा निकालानंतरच पेटते.

१. पुढारी थांबतात, अनुयायी थांबत नाहीत

२०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यात चुरस झाली. सँडर्स मागे पडले, आणि जुलै महिन्यात त्यांनी उघडपणे क्लिंटन यांना पाठिंबा दिला. त्यानंतर फिलाडेल्फिया येथे अधिवेशन भरले. तेथे आपल्याच बाजूच्या प्रतिनिधींसमोर सँडर्स म्हणाले की आता आपण सर्वांनी क्लिंटन यांना निवडून आणले पाहिजे. तेव्हा त्या प्रतिनिधींनी काय केले? ज्याच्यासाठी वर्षभर घाम गाळला त्या स्वतःच्याच नेत्याविरुद्ध त्यांनी हुर्यो केली.

त्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे नाही. पक्षाच्या मध्यवर्ती कचेरीतील काही पत्रव्यवहार अधिवेशनाच्या तोंडावर उघड झाला होता. जेथे निःपक्षपातीपणा असावा तेथे एका बाजूचा कल होता असे त्यातून दिसले, आणि पक्षाच्या अध्यक्षबाईंना राजीनामा द्यावा लागला. पंचानेच खेळात भाग घेतला की हरणाऱ्याला हार पचत नाही, ही गोष्ट मतमोजणीला बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. तरीही आम्हांस येथे दाखवावयाचे आहे ते हे की नेत्याचे मन शांत झाले तरी अनुयायांचे झाले नाही.

आता करिंथ येथे चला. तेथील मंडळीत कोणी स्वतःला पौलाचे म्हणवीत, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे, आणि कोणी तर ख्रिस्ताचे नावदेखील एका पक्षाचे नाव करून टाकले होते. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी ही बातमी पौलाला कळविली. ही फूट वाचताना आपणांस वाटते की पौल आणि अपुल्लोस यांचे आपसांत काही बिनसले असावे. पण त्याच पत्राच्या सोळाव्या अध्यायाचे बारावे वचन उघडून पाहा. पौल सांगतो की बंधू अपुल्लोसाने करिंथास जावे म्हणून मी त्याला पुष्कळ विनंती केली. म्हणजे पौल आपल्या तथाकथित प्रतिस्पर्ध्याला त्याच गावी धाडावयास उत्सुक आहे, जेथे त्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा जयजयकार चालला आहे! आणि अपुल्लोसाची इच्छा मात्र तेव्हा जाण्याची नव्हती. दोन्ही नेते एकमेकांना मान देत होते. भांडत होते ते बाकांवर बसणारे.

असे का होते? आपण एखाद्या माणसाची बाजू घेतो तेव्हा हळूहळू त्याचे यश हे आपले यश, त्याचा अपमान हा आपला अपमान होऊन बसतो. त्याच्या हरण्याने त्याला जेवढे दुःख होते त्याहून अधिक आपल्याला होते, कारण त्याच्या नावाच्या आड आपलाच अहंकार उभा असतो. पौलाने यावर जे औषध दिले ते फार गुणकारी आहे. तुम्ही पौलाचे नाही, अपुल्लोसाचे नाही. उलट पौल, अपुल्लोस आणि केफा हे सगळेच तुमचे आहेत, आणि तुम्ही ख्रिस्ताचे आहात, असे तो तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस सुचवितो. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढविणारा देव आहे. शेतात नांगरणारा आणि पाणी धरणारा यांची तुलना करून बांधावर मारामारी करणाऱ्याला आपण काय म्हणू? तेवढ्या वेळात पीक वाळून जाते.

२. कुजबुज आणि जीभ

प्रायमरीच्या इतिहासात एक काळे पान २००० सालचे आहे. रिपब्लिकन पक्षात जॉन मॅकेन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यात लढत होती. न्यू हॅम्पशायर राज्यात मॅकेन यांनी मोठा विजय मिळविला. पुढची महत्त्वाची लढत साउथ कॅरोलायनात होती. मॅकेन दांपत्याने बांगलादेशातील एका अनाथाश्रमातून, मदर तेरेसांच्या भगिनी चालवीत असलेल्या घरातून, एक आजारी तान्ही मुलगी दत्तक घेऊन वाढविली होती. तिचा सावळा वर्ण पाहून कोणी तरी कुजबुज उठविली की ही मॅकेन यांची अनैतिक संबंधातून झालेली मुलगी आहे. बुश यांच्या प्रचारकांनी आपला यात हात नसल्याचे सांगितले. मॅकेन ती प्रायमरी हरले.

बंधुभगिनींनो, यात काय घडले ते नीट पाहा. एका माणसाच्या घरातली सर्वांत दयेची गोष्ट घेऊन तिचीच त्याच्यावर चिखलफेक झाली. अनाथ लेकराला घर दिले, हाच त्याचा कलंक ठरला. आणि कुजबुजीला धनी नसतो. ती कोणाच्या तोंडून निघाली ते सिद्ध होत नाही, म्हणूनच ती सगळ्यांत भित्री आणि सगळ्यांत घातक असते. खोट्या साक्षीविषयीची नववी आज्ञा कोर्टातल्या साक्षीपुरती नाही. देवळाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, नळावर, आणि आता हातातल्या फोनवर आपण शेजाऱ्याविषयी जे सांगतो ती प्रत्येक गोष्ट देवाच्या दरबारी साक्षच आहे.

२००८ सालीही हेच दिसले. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या लढतीत ओबामांच्या नावावरून व धर्मावरून खोट्या वावड्या उठविल्या गेल्या, तर क्लिंटन यांच्या न्यू हॅम्पशायरमधील एका सभेत, माझा शर्ट इस्त्री करून दे, असे पुरुष ओरडले. मुद्दे संपले की माणसे जात, वर्ण, कुळ आणि स्त्रीपण यांवर उतरतात. आपल्याकडे त्यांची नावे वेगळी आहेत एवढेच. अमक्याचे आजोबा कोण होते, तमकी बाई सभेत फार बोलते, फलाण्याचे शिक्षण किती, हे प्रश्न मंडळीच्या निवडणुकीत कानोकानी फिरतात की नाही, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

आणि चांगल्या माणसाची जीभसुद्धा या वेळी घसरते. जिमी कार्टर हे अध्यक्ष होते, आणि त्याबरोबर ते शब्बाथशाळेचे शिक्षकही होते. जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या आपल्या गावच्या मंडळीत त्यांनी अनेक वर्षे पवित्र शास्त्राचा वर्ग चालविला. डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी ते प्रभूकडे गेले. त्यांच्या सेवेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु १९७९ साली, आपल्याच पक्षाचे एडवर्ड केनेडी आपल्याविरुद्ध उभे राहणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा भोजनास आलेल्या काही काँग्रेस सदस्यांसमोर त्यांनी केनेडींना चोपून काढण्याची भाषा केली, आणि तीही शब्बाथशाळेत उच्चारता येणार नाही अशा शब्दांत. ते बोल दुसऱ्या दिवशी देशभर झाले.

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेविषयी आहे हे आपण जाणतो. पण तो अध्याय कोणाला उद्देशून सुरू होतो ते किती जणांच्या लक्षात आहे? पहिल्याच वचनात तो शिक्षकांना इशारा देतो. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असे सांगून मगच तो लगाम, सुकाणू आणि वणवा यांचे दाखले देतो. ज्या तोंडाने रविवारी लेकरांना वचन शिकविले त्याच तोंडाने सोमवारी प्रचार करावयाचा असतो, हे शिक्षकांनी विसरू नये.

३. हरणाऱ्याची सेवा

हरल्यावर काय करावे? अमेरिकेच्या इतिहासात याचे निरनिराळे नमुने सापडतात.

१९८० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. केनेडी हरले होते. त्यांनी एक उत्तम भाषणही केले. शेवटच्या रात्री ते व्यासपीठावर आले, कार्टर यांच्याशी हस्तांदोलन केले; पण विजयी आणि पराभूत यांनी हातात हात घालून ते उंच करावयाचे, या ऐक्याच्या खुणेची सगळे वाट पाहत असताना ती खूण काही घडली नाही. दूरदर्शनवर साऱ्या देशाने ते पाहिले. नोव्हेंबरमध्ये कार्टर यांना अवघी ६ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा एवढेच मिळाले. त्या पराभवाला महागाई होती, इराणमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांचा प्रश्न होता. सगळा दोष त्या न उचललेल्या हातावर टाकणे योग्य होणार नाही. पण फुटलेले घर वादळात उभे राहत नाही, एवढे तर खरे.

दुसरा नमुना २००८ सालचा. क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ८० लाख मते मिळाली होती, आणि तरी त्या हरल्या. एवढी मते पाठीशी असताना माघार घेणे सोपे नव्हते. त्यांचे पुष्कळ समर्थक, आम्ही ओबामांना कधीही मत देणार नाही, असे म्हणत होते. ७ जून रोजी त्यांनी हार मान्य करून ओबामांना पाठिंबा दिला. २७ जून रोजी दोघे मिळून न्यू हॅम्पशायर राज्यातील एका खेडेगावी गेले. त्या गावाचे नाव युनिटी, म्हणजे ऐक्य. जानेवारीच्या प्रायमरीत त्या गावाने दोघांनाही सारखीच मते दिली होती, प्रत्येकाला १०७. पुढे ऑगस्टमध्ये डेन्व्हर येथील अधिवेशनात राज्यांची मते एकामागून एक पुकारली जात असताना क्लिंटन आपल्या न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींमध्ये उभ्या राहिल्या, आणि ओबामांचे नाव सर्वानुमते मंजूर करावे अशी सूचना त्यांनी स्वतः मांडली.

राजकारणात असे ऐक्य फायद्यासाठीही होते, हे आम्ही जाणून आहोत. कोणाच्या अंतःकरणात काय होते तो न्याय देवाचा. परंतु ज्यांना पुढच्या निवडणुकीचा विचार करून का होईना हात पुढे करता येतो, त्यांच्यापुढे, सार्वकालिक जीवनाची आशा बाळगणाऱ्या आपण दोन वर्षे एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणू नये, ही गोष्ट आपणांस लाजविणारी नाही काय?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे त्याचे शिष्य तक्रार घेऊन आले, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्याच्याविषयी तुम्ही साक्ष दिली त्याच्याकडेच आता सगळे लोक चालले आहेत, असे ते म्हणाले. येथेही दुखावले होते ते अनुयायी. योहानाने त्यांच्या रागावर तेल ओतले नाही. आपण वराचे मित्र आहोत, वराचा आवाज ऐकून मित्राला आनंदच होतो, असे त्याने त्यांना समजाविले. हरलेल्या उमेदवाराला ही एक सेवा करता येते, आणि ती त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही करता येत नाही : आपल्या माणसांना शांत करणे. जिंकणारा ते करू शकत नाही, पाळकसाहेबही करू शकत नाहीत. ती किल्ली देवाने हरणाऱ्याच्याच हाती दिली आहे.

४. जिंकणाऱ्याचे कर्तव्य

१८६० साली अजून प्रायमरी नव्हती. शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा न्यूयॉर्कचे विल्यम सीवर्ड निवडले जाणार असे बहुतेकांना वाटत होते. पहिल्या फेरीत सीवर्ड यांना १७३॥ आणि अब्राहाम लिंकन यांना १०२ मते होती. तिसऱ्या फेरीत लिंकन निवडले गेले. सीवर्ड यांना मोठा धक्का बसला. तरी त्यांनी लिंकन यांच्यासाठी गावोगाव प्रचार केला. आणि अध्यक्ष झाल्यावर लिंकन यांनी काय केले? सीवर्ड यांना परराष्ट्रमंत्री, सामन चेस यांना अर्थमंत्री, आणि एडवर्ड बेट्स यांना महान्यायवादी नेमले. तिघेही त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले होते. यादवी युद्धाच्या त्या भयंकर काळात हे मंत्रिमंडळ कामाला आले. ज्या सीवर्ड यांना आरंभी लिंकन नवखे वाटत होते, त्यांनीच काही महिन्यांत आपल्या पत्नीला कळविले की आम्हां सर्वांत हा मनुष्य श्रेष्ठ आहे.

चेस यांचे उदाहरण याहून मोठे. मंत्रिमंडळात असताना त्यांच्या मनातून अध्यक्षपदाची आशा गेली नाही, आणि १८६४ साली त्यांच्या बाजूने पुन्हा खटपट झाली. त्यांना अर्थखाते सोडावे लागले. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिंकन यांनी त्यांना देशाचे सरन्यायाधीश नेमले, कारण त्या जागेस योग्य मनुष्य तेच होते. ज्याने आपली खुर्ची हवी म्हणून हालचाल केली त्याला न्यायाची सर्वोच्च खुर्ची देणे, हे मन कोठून येते? प्रभूने जब्दीच्या मुलांना आणि त्यांच्यावर चिडलेल्या दहा जणांना एकत्र जवळ बोलावून सांगितले की ज्याला तुमच्यात मोठे व्हावयाचे आहे त्याने सेवक व्हावे. दोघांना वेगळे आणि दहांना वेगळे असे त्याने बोलाविले नाही. मागणारे आणि मागणाऱ्यांवर संतापणारे यांचा रोग एकच होता, म्हणून औषधही एकच दिले.

म्हणून पंचमंडळीवर निवडून आलेल्यांना आमची विनंती आहे : पहिल्याच आठवड्यात, हार घालून घेण्याच्या आधी, ज्याला आपल्याहून कमी मते पडली त्याच्या घरी जा. चहा घ्या. जागा जुन्या हिशेबाने वाटू नका. ज्याला हिशेब उत्तम येतो त्याला हिशेबाचे काम द्या, मग त्याने तुम्हांला मत दिलेले असो वा नसो.

५. मतभेदच नकोत काय?

येथे कोणी म्हणेल, मग भिन्न मतच असू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. त्याच १८६० साली डेमोक्रॅटिक पक्ष चार्ल्सटन येथे आणि नंतर बाल्टिमोर येथे फुटला, आणि त्याचे दोन उमेदवार उभे राहिले. फुटीच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता. माणसाने माणसाला विकावे की नाही, या प्रश्नावर गोड बोलून ऐक्य टिकविणे हे पापच झाले असते. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबरच्या पंगतीतून उठू लागला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. सुवार्तेचे सत्य पणाला लागले होते.

तर कसोटी ही : भांडण सत्यासाठी आहे की खुर्चीसाठी? पौलाने पेत्राला मागे नव्हे, तोंडावर विरोध केला. आणि पेत्राने दुसऱ्या पत्राच्या अखेरीस त्याच पौलाला प्रिय बंधू म्हटले. मंडळीच्या पैशाचा हिशेब मागणे हे फूट पाडणे नव्हे. गरीब सभासदाचे नाव मतदारयादीतून का गळले, असे सभेत उभे राहून विचारणे हेही फूट पाडणे नव्हे. परंतु समोर विचारण्याचे धैर्य नाही म्हणून मागे कुजबुजणे, आणि उत्तर मिळाल्यावरही राग धरून बसणे, हे देहस्वभावाचे काम आहे. करिंथच्या लोकांना पौलाने याच कारणाने अजून तान्ही बाळे म्हटले.

आपल्या मंडळ्यांत

हे मासिक बेळगावात वाचले जाते, इंदूर-ग्वाल्हेरास, बडोद्यास, हैदराबादेस, गोव्यात वाचले जाते. या ठिकाणच्या आपल्या मंडळ्या बहुधा लहान आहेत. भोवती कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू, कोकणी बोलणाऱ्यांचा मोठा समाज; त्यात मराठी उपासना टिकवून धरणारी मूठभर घरे. अमेरिकेतील मोठा पक्ष फुटला तरी चार वर्षांनी पुन्हा उभा राहतो. शंभर घरांची मंडळी फुटली तर दोन मंडळ्या होत नाहीत, दोन अर्धवट गट होतात. एकाकडे इमारत राहते, दुसऱ्याकडे गायनवृंद. एकाकडे पेटी राहते, दुसऱ्याकडे ती वाजविणारा. भांडण कोर्टात गेले की दोन पिढ्यांचे दान वकिलांच्या फीत जाते. आणि तरुण मुले या सगळ्याकडे पाहून हळूच देवळाबाहेर पडतात. ती कोणत्याच गटात जात नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आम्ही तीन लहान गोष्टी सुचवितो. वर्गात पुढारी निवडावयाचा असेल तर आधी प्रार्थना होऊ द्या, आणि निवड झाल्यावर न निवडलेल्या मुलाला त्याच दिवशी एखादे खरे काम सोपवा. बक्षीस समारंभात हरलेल्या गटाकडून जिंकलेल्या गटाला हार घालवा, आणि जिंकलेल्यांकडून त्यांना खाऊ वाढवा. आणि योसेफ बर्सबाची गोष्ट मुलांना अवश्य सांगा. दावीद आणि दानिएल यांच्या गोष्टी ती पुष्कळ ऐकतात. पण आयुष्यात बहुतेकांच्या वाट्याला येते ते युस्ताचे स्थान, आणि त्या स्थानी कसे वागावे हे त्यांना कोणीच शिकविलेले नसते.

आता शेवटी त्या माडीवरच्या खोलीत परत जाऊ. मत्थिया निवडला गेला, पण पुढे त्याचेही नाव शास्त्रात पुन्हा येत नाही. जिंकलेला आणि न जिंकलेला दोघेही गोष्टीतून दिसेनासे होतात. दिसते ते दुसऱ्या अध्यायाचे पहिले वचन : ते सर्व एकत्र जमले होते. आम्ही मानतो की त्या सर्वांत योसेफही बसला होता. मोठ्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभा उतरल्या आणि प्रत्येकावर बसल्या. चिठ्ठी कोणाची निघाली होती हे त्या अग्नीने विचारले नाही. योसेफ रागावून आदल्या दिवशी घरी गेला असता तर पद गेले ते गेलेच, पेंटेकॉस्टही गेला असता. तो बसून राहिला म्हणून त्याला ते मिळाले जे कोणत्याही मतपेटीतून निघत नाही.

येत्या वार्षिक सभेत कोणाचे नाव निघेल, कोणाचे निघणार नाही. सभा संपल्यावर येणाऱ्या रविवारी, त्याच बाकावर, त्याच माणसांशेजारी आपण बसू काय? आपल्या मंडळीचे पुढचे दिवस या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रार्थना

हे प्रभू, तू सर्वांची हृदये जाणतोस. ज्यांना तू मान देतोस त्यांना नम्र ठेव. ज्यांना मान मिळाला नाही त्यांना कडवट होऊ देऊ नको. आमच्या जिभा राख. आमच्या लेकरांसमोर आम्हांस लाज वाटावी असे काही आमच्या हातून घडू देऊ नको. तुझा आत्मा येईल तेव्हा आम्ही सर्व एकत्र सापडावे असे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.